तांडेल मॅडम आणि मोहन्याची प्रत

रोज सकाळी दहा वाजता तांडेल मॅडम आपल्या डब्यात काय आहे ते संगणकात लिहीत. ‘आज सुका जवळा’ किंवा ‘आज मेथी, नाइलाज’ असं एक वाक्य टाइप करायचं, एंटर मारायचा आणि लगेच मोहने गावातल्या आमच्या सर्व्हरच्या खोलीत फोन लावायचा. पलीकडे तिथलं काम बघणारे प्रल्हाद गायकवाड असत. “गायकवाड, काय आहे माझ्या डब्यात?” गायकवाड त्यांच्या पडद्यावर बघून वाचून दाखवत, “मेथी, मॅडम. नाइलाज.” मग मॅडम फोन ठेवत आणि दिवस सुरू झाला असं मानत. पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पुढच्या सात वर्षांत माझं मत फारसं बदललं नाही, त्यात थोडी भर पडली एवढंच.

आमची संस्था रक्तपेढ्या चालवते. मुख्य पेढी ठाण्यात, माजिवड्याला. कल्याण, डोंबिवली आणि आजूबाजूला साठवण केंद्रं. रक्तदाते, पिशव्या, रुग्ण यांची सगळी माहिती ठाण्याच्या सर्व्हरवर असते आणि तिची हुबेहूब प्रत मोहन्याला, आंबिवली स्टेशनच्या बाजूला, एका बंद कारखान्यापासून थोड्या अंतरावरच्या दोन खोल्यांत. उद्या ठाण्यात आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी मोहन्यावरून काम चालू राहावं म्हणून हा खटाटोप. ठाण्यात नोंद झाली की काही सेकंदांत ती मोहन्याला व्हायला हवी. त्यासाठी तीन प्रोसेस सतत चालू असतात. एक ठाण्यातला बदल उचलते, दुसरी तो वाहून नेते, तिसरी मोहन्याला उतरवते. पुस्तकात त्यांना भारदस्त इंग्रजी नावं आहेत. मॅडम त्यांना उचल, पोच आणि उतर म्हणत, आणि आम्हालाही तसंच म्हणायला लावत. बाहेरून येणारे इंजिनिअर हे ऐकून एकमेकांकडे बघत आणि मला कानकोंडं व्हायचं.

या प्रत्येक प्रोसेसची एक फाइल असते. कोणती माहिती उचलायची, कुठे पाठवायची, काही अडलं तर काय करायचं, हे सगळं तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. जगात सगळीकडे लोक ही फाइल एका जागेहून उचलून दुसरीकडे चिकटवतात आणि चहा प्यायला जातात. मीही रुजू झालो त्या महिन्यात तेच केलं. अंबरनाथचं नवीन केंद्र जोडायचं होतं, कल्याणची फाइल तयार होती, मी ती घेतली आणि नावं बदलली. दहा मिनिटांचं काम. मॅडमनी ती पुसायला लावली.

“कुठलीही एक ओळ सांग आणि ती कशाला आहे ते सांग,” त्या म्हणाल्या.

मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती कशाला आहे ते मला माहीत नव्हतं.

“मग ती तुझी फाइल नाही. दुसऱ्याची आहे. बस आणि लिही.”

लिहून झाल्यावर त्याहून मोठा छळ असायचा. मॅडमकडे एक जाड वही होती, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक फाइलची प्रत्येक ओळ तीत त्यांच्या हाताने लिहिलेली. त्या वहीतून ओळ विचारत आणि समोरच्याने पडद्यावर बघून ती ओळ मोठ्याने वाचायची. ‘हो’ म्हटलेलं चालत नसे. “हो नको, वाच,” त्या म्हणत. मान डोलावली तर म्हणत, “मान मला दिसते रे, ओळ दिसत नाही.” तीस-पस्तीस ओळी, तीन फाइली, केंद्रं पाच. मी इंजिनिअर झालो होतो, चांगल्या नोकऱ्या सोडून इथे आलो होतो आणि वर्गात धडा वाचावा तसा ओळी वाचत होतो. घरी बायकोला सांगितलं तर ती हसली. मला हसू आलं नाही.

मॅडम चेंदणी कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी होती, खाडीत जायचे. थोरली मुलगी शिकली, संगणक आला तेव्हा संगणक शिकली आणि या नोकरीत लागली ती लागलीच. लग्न केलं नाही. घरात म्हातारी आई आणि शाळेत शिकवणारी धाकटी बहीण. कोणी खाडीचं, होड्यांचं कौतुक करायला लागलं की त्या वैतागत. “वास येतो चिखलाचा, डास चावतात, काय एवढं?” असं म्हणून विषय संपवत. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, कायम कॉटनची साडी, पायात पुरुषी सँडल. सर्व्हरच्या खोलीत गार वाजतं म्हणून वडिलांचा जुना स्वेटर घालत. तो त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा.

मधे एकदा संस्थेने चांगले पैसे खर्चून देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. मोठ्या पडद्यावर तिन्ही प्रोसेसचे दिवे. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. मला वाटलं, सुटलो, आता तो डबा आणि ती वही अडगळीत जाईल. मॅडमनी पडद्यासमोर उभं राहून दोन मिनिटं पाहिलं. “हिरवा दिवा म्हणजे दिवा चालू आहे, एवढंच,” असं म्हणाल्या आणि मोहन्याला फोन लावला. त्या दिवशी डब्यात कोलंबी होती.

सगळ्यात जास्त वैताग ड्रिलचा. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी त्या ठाण्याचा सर्व्हर खरोखर बंद करत आणि दिवसभर सगळी केंद्रं मोहन्यावरून चालवत. इतर ठिकाणी हे कागदावर होतं. एक तक्ता भरतात, सही करतात. इथे आदल्या दिवसापासून सगळ्या केंद्रांचे कुरकुरणारे फोन यायचे आणि ते घ्यायचे मी. शनिवारी आंबिवलीहून रिक्षा करून मला मोहन्याला जावं लागायचं. एकदा मी म्हटलं, “मॅडम, चालतंय ते चालतंय. कशाला हात लावायचा?” त्या म्हणाल्या, “चालतंय हे तुला कुणी सांगितलं?” त्यांच्या निम्म्या बोलण्याला उत्तर नसायचं आणि त्याचाच मला राग यायचा.

मग मोहन्याला नवा सर्व्हर आला. त्यामुळे ठाण्याची सगळी माहिती तिथे पहिल्यापासून भरायची होती. भरणं चालू असताना ठाण्यात नवे बदल होतच राहतात, काही नोंदी पुढेमागे होतात, म्हणून तेवढ्यापुरती ‘उतर’च्या फाइलीत एक ओळ घालावी लागते. तिचा अर्थ एवढाच की मोहन्याला नोंद जुळली नाही तर अडू नकोस, सोडून दे आणि पुढे जा. भरणं संपलं की ही ओळ काढायचीच असते. नाहीतर उतर पुढेही न जुळणाऱ्या नोंदी गुपचूप सोडत राहते, आणि कोणाला कळत नाही, कारण ती थांबत नाही आणि दिवा हिरवाच राहतो.

भरणं एका शुक्रवारी दुपारी संपलं. मॅडमनी वही काढली, मी पडद्यासमोर बसलो. चार वाजता त्यांना आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, त्या दोनदा घड्याळाकडे बघताना मला दिसल्या. मीही कंटाळलेलो. पहिल्या पाच-सहा ओळी वाचल्या. मग मी नुसतं “हो” म्हणायला लागलो. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या विचारत गेल्या, मी हो म्हणत गेलो. सतराव्या ओळीला त्यांनी विचारलं, “‘सोडून दे’ काढलंस ना?” मी म्हटलं, “हो.” काढणार होतो मीच. मला वाटत होतं की काढलंय. पडद्याकडे मी पाहिलं नाही. ओळ तिथेच होती.

पुढचे दोन महिने रोज सकाळी मॅडमचा डबा मोहन्याला व्यवस्थित पोचला. कोरी नवी नोंद उतरायला काही अडचण नव्हती. आधीच्या ज्या नोंदी भरताना सुटल्या होत्या, त्यांच्यातले बदल मात्र गायब होत होते. ती ओळ काढलेली असती तर अशा पहिल्याच बदलाला उतर अडली असती आणि आम्हाला कळलं असतं.

ते सापडलं ड्रिलच्या शनिवारी, डोंबिवलीच्या केंद्रात. वैशालीताई म्हणून एक रुग्ण आहेत, पस्तिशीच्या, घरी शिकवण्या घेतात. त्यांना थॅलेसेमिया आहे, लहानपणापासून नियमित रक्त लागतं. अशा माणसांच्या रक्तात कधी कधी एक अँटिबॉडी तयार होते आणि मग गट जुळला तरी कुठलीही पिशवी चालत नाही, निवडूनच द्यावी लागते. ही अँटिबॉडी तपासणीत कधी दिसते, कधी दिसत नाही, म्हणून जुनी नोंद फार महत्त्वाची. त्या दिवशी मोहन्याच्या प्रतीत त्यांच्या नावापुढे ती नोंद नव्हती. तपासणीत काही दिसलं नाही, पिशवी निघाली. वैशालीताईच म्हणाल्या, “माझ्या नावापुढे काहीतरी लाल अक्षरात असतं बघा नेहमी. आज नाहीये का?” तिथल्या मुलीने आमच्याकडे फोन केला. मॅडमनी पिशवी थांबवली, ठाण्याचा सर्व्हर चालू करून बघितलं. लाल अक्षरं ठाण्यात होती.

फाइल उघडल्यावर सतरावी ओळ आम्हा दोघांना एकदमच दिसली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वही घेतली, त्या तारखेच्या पानावर खाली लिहिलं, ‘सतराव्या ओळीची खात्री मी करून घेतली नाही,’ आणि सही केली. मग संध्याकाळपर्यंत आम्ही ठाण्याच्या आणि मोहन्याच्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. आणखी काही निघाल्या. मी त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. मला लाज वाटत होती आणि तिच्याहून जास्त भीती. सहा महिन्यांनी मॅडम निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची मला मिळणार असं सगळे धरून चालले होते.

सोमवारी संस्थेच्या प्रमुख डॉक्टरांनी बैठक बोलावली. डॉक्टर माणूस वाईट नाहीत, पण त्यांना गोष्टी आटोपशीर लागतात. ते म्हणाले, “हा प्रकार ड्रिलमुळे झाला. ड्रिल नसतं तर पेशंटचं रेकॉर्ड ठाण्यातून उघडलं असतं आणि काही प्रश्नच नव्हता. आजपासून ड्रिल बंद.”

“डॉक्टर, ड्रिलने काही केलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “ड्रिलने दाखवलं. केलं मी. हे घ्या.” आणि वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

डॉक्टरांनी वाचलं. “एवढ्या वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नाही.”

“आता झालं.”

“ठीक आहे, ड्रिलचं काय ते महिनाभरात कळवतो,” डॉक्टर म्हणाले. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसलो होतो.

तिथे ते संपायला हवं होतं. पण बुधवारी मॅडम म्हणाल्या, “चल, डोंबिवलीला जाऊन येऊ. त्या बाईंना सांगायला हवं.” मी थक्क झालो. असं कोणी करत नाही. नियमात बसत नाही, डॉक्टरांना कळलं तर फाडून खातील, त्या बाईंनी तक्रार केली तर सगळंच हातचं जाईल. हे सगळं मी रिक्षात बसेपर्यंत सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, “तिचं रक्त, तिची नोंद. तिला नको कळायला?” बस. पुढे डोंबिवली येईपर्यंत त्या डुलक्या काढत होत्या.

वैशालीताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, सतरंजी अजून पसरलेली. आम्ही तिच्यावरच बसलो. मॅडमनी काय झालं ते सरळ सांगितलं. मोहन्याची प्रत, सुटलेली नोंद, सगळं, एकही इंग्रजी शब्द न वापरता. शेवटी म्हणाल्या, “ते नीट आहे की नाही हे बघायचं काम माझं होतं. मी बघून घेतलं नाही.”

वैशालीताई म्हणाल्या, “मी बोलले म्हणून कळलं. पण ताई, मला एखाद्या दिवशी बेशुद्ध आणलं तर? मग कोण सांगणार तुम्हाला?”

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. आणि त्या मॅडमकडे बघून विचारत होत्या, हे मला सहन होईना. मी म्हटलं, “मॅडमनी विचारलं होतं. मी न बघता हो म्हटलं. पडद्यासमोर मी होतो.”

वैशालीताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “मग आता बघता का?” त्यांनी विचारलं.

“बघतो,” मी म्हटलं. त्या उठल्या आणि आमच्यासाठी सरबत करायला आत गेल्या.

जिना उतरताना मी मॅडमना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“तुझा हो माझं वाक्य संपायच्या आत आलेला. माहीत नसायला काय झालं?”

“मग तेव्हाच का नाही थांबवलंत?”

त्या कठडा धरून थांबल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. “आईची अपॉइंटमेंट होती ना रे. मलापण निघायचं होतं. म्हणून तर लिहिलं. तुला वाचवायला नाही लिहिलं, उगाच तसलं काही समजू नकोस. माझं मी लिहिलं.”

“आणि माझं?”

“तुझं तू बघ.”

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. निदान ओरडायला तरी हवं होतं त्यांनी. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पत्र दिलं, काय झालं ते सगळं लिहून, आणि खाली लिहिलं की ड्रिल बंद करू नये. डॉक्टर म्हणाले, “हे कागदावर कशाला देताय? तुमचं नाव पुढे पाठवायचंय मला.” मी म्हटलं, असू दे. ड्रिल राहिलं. मॅडमच्या खुर्चीत वर्षभर बाहेरून आणलेला एक माणूस बसला, मग ती मला मिळाली. तोपर्यंत मॅडम निवृत्त होऊन चेंदणीला घरी बसल्या होत्या.

निवृत्तीनंतर त्यांची तब्येत झपाट्याने उतरली. आधी मूत्रपिंडं, मग हृदय. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या, चष्मा काढलेला, चेहरा एवढासा झालेला. बहिणीने मला खुर्ची दिली. मी म्हटलं, “मॅडम, शनिवारी ड्रिल झालं. सगळं नीट. आणि एक सांगू? ठाण्याचा सर्व्हर आजवर एकदाही बंद पडलेला नाही. सगळा त्रास फुकट.”

“पडू नये,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “ती वैशाली येते?”

“येते की.”

“तिची नोंद दिसते मोहन्याला?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. “तू पाहिलीस?”

मी पाहिली नव्हती. या खेपेला मी मोहन्याला गेलोच नव्हतो, गायकवाडांनी फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. “नाही,” मी म्हटलं. “गायकवाडांनी पाहिली.”

“मग जा, बघून ये,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

बहीण ओशाळून म्हणाली, “जाऊ दे हो, आजारी आहे ती. तिचं काय मनावर घेता?” पण मी उठलो. भर दुपारी, मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, चेंदणीहून मोहन्याला. आंबिवलीला रिक्षा मिळेना, निम्मी वाट चालत गेलो आणि वाटभर त्यांना मनातल्या मनात बोल लावत होतो. मरायला टेकल्या तरी माणसाला सुखाने बसू द्यायच्या नाहीत. गायकवाड मला बघून घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी मोठं झालंय. मी म्हटलं, काही नाही, एक नाव बघायचंय. त्यांनी खुर्ची दिली. मी स्वतः नाव टाइप केलं, नोंद उघडली आणि वाचली, सगळी, मोठ्याने. लाल अक्षरं जागेवर होती.

तिथूनच फोन लावला. बहिणीने उचलला आणि हळू आवाजात म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवू का?”

“नको,” मी म्हटलं. “झोपू दे. उद्या सांगतो.”

पहाटे मॅडम गेल्या. मी नोंद पाहिली होती. त्यांना सांगायचं राहिलं.